श्रीखंडी भिंत : घरातली एक खोली आपल्या हातानं रंगवताना

आईच्या खोलीला रंग द्यायचं ठरलं तेव्हा मी दुकानातून शेड कार्ड आणलं. आईनं चष्मा लावून पाच-सहा पानं उलटली, कार्ड मिटलं आणि म्हणाली, “अगं, यात श्रीखंडी कुठला?” कार्डात पिवळ्याच्या ढीगभर छटा होत्या, सगळ्यांची नावं इंग्रजी. तिला हवा असलेला रंग तिच्या कपाटात होता, एका जुन्या नारायणपेठी साडीच्या अंगावर.

साड्यांमुळे आपल्याकडे रंगांची भाषा फार नेमकी झाली आहे. अबोली म्हटलं की गुलाबी आणि केशरी यांच्या मधली जागा डोळ्यांसमोर येते, चिंतामणी म्हटलं की निळ्या-हिरव्याच्या मधली. आमसुली, अंजिरी, मोतिया, बदामी, मोरपिशी या शब्दांवर घरातल्या दोन माणसांचं एकमत पटकन होतं. रंग निवडायला बसताना हेच शब्द वापरा. ‘लाइट यलो’ म्हटलं की पाच जणांच्या मनात पाच रंग येतात.

आमची ही खोली डोंबिवलीतल्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. १० फूट बाय १२ फूट, उंची १० फूट, खिडकी पश्चिमेला, खाली कोटा फरशी. आठ वर्षांपूर्वी तिचा रंग मी दुकानातल्या ट्यूबखाली, नखाएवढ्या चौकोनावरून ठरवला होता, फिकट निळसर राखाडी. ज्यांना काम दिलं त्यांनी गणपतीआधी, ऐन पावसात, दोन दिवसांत हात फिरवून दिला. तो रंग संध्याकाळी शिशासारखा दिसायचा आणि पुढच्याच पावसाळ्यात खिडकीखाली पोपडे सुटले. आई दिवसातले सोळा-सतरा तास त्या खोलीत असते. त्यामुळे या वेळी मी दोन गोष्टी पक्क्या केल्या. रंग तिच्या खोलीतल्या उजेडात ठरवायचा, आणि रंगापेक्षा भिंतीला जास्त दिवस द्यायचे. नऊ दिवस लागले, त्यातले रंग लावायचे दोन.

आधी उजेड बघा

कार्ड उघडण्याआधी एक अख्खा दिवस खोलीकडे लक्ष ठेवा. सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी पाच आणि दिवे लागल्यावर, अशा चार वेळा. पूर्वेच्या खोलीत सकाळी उजेड उबदार असतो आणि दुपारनंतर विरतो. उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन कमी येतं, उजेड थोडा निळसर असतो, म्हणून तिथे राखाडी आणि निळे रंग आणखी थंड वाटतात. तिथे बदामी, मोतिया, फिकट अबोली असे ऊब असलेले रंग बरे. पश्चिमेच्या खोलीत तीननंतर ऊनच पिवळं होतं. अशा खोलीत पिवळा दिला तर संध्याकाळी तो चढतो, केशरीकडे झुकतो. म्हणून आईच्या खोलीसाठी मला साडीतल्या श्रीखंडीपेक्षा एक पायरी फिका आणि किंचित मळकट पिवळा शोधावा लागणार हे आधीच लक्षात आलं.

शहरात आणखी एक गोष्ट असते, समोरची इमारत. खिडकीपासून दहा-पंधरा फुटांवर विटकरी भिंत असेल तर तिच्यावरून येणारा उजेड तांबूस असतो. दाराशी आंबा किंवा बदामाचं झाड असेल तर पांढऱ्या भिंतीवरही हिरवट छाया पडते. फरशीचंही तसंच आहे. कोटा फरशी हिरवट-राखाडी, शहाबादी निळसर-राखाडी, जुना लाल कोबा गुलाबी झाक देतो. भिंतीचा खालचा दोन-तीन फुटांचा भाग ही झाक सहज उचलतो. फरशी, दार, कपाटाचं सनमायका या गोष्टी आपण बदलणार नसतो, म्हणून रंग त्यांच्याशी जुळला पाहिजे. पडदे आणि चादरी नंतर बदलता येतात, त्यांच्यावरून रंग ठरवू नका.

आता दिवे. आपल्याकडे बहुतेक घरांत पांढऱ्याशुभ्र उजेडाची ट्यूब असते. तिच्या खोक्यावर ६५०० के असं लिहिलेलं सापडेल, म्हणजे ६५०० केल्विन. हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका लहान तितका उजेड पिवळसर. पिवळसर बल्ब २७०० ते ३००० केल्विनचा असतो. एकच भिंत या दोन दिव्यांखाली दोन वेगळ्या घरांतली वाटावी इतकी बदलते. पिवळट आणि बदामी रंग ६५०० च्या ट्यूबखाली निस्तेज होतात, त्यांच्यातली ऊब निघून जाते. माझं ठाम मत असं की आधी दिवे बदला, मग रंग निवडा. आईला वाचायला लख्ख उजेड लागतो, म्हणून मी मध्यम, ४००० केल्विनची ट्यूब लावली आणि पुढच्या सगळ्या चाचण्या तिच्याखालीच केल्या.

कार्डशीटवरची चाचणी

कार्डावरच्या पट्टीत एकाखाली एक सहा-सात छटा असतात. फिकी छटा आवडली तरी त्याच पट्टीतली सगळ्यात गडद छटा बघा. फिक्या रंगाच्या पोटात काय दडलंय ते तिथे कळतं. दोन ‘ऑफ व्हाइट’ शेजारी ठेवले तर सारखे दिसतात, पण एकाच्या पट्टीच्या टोकाला मोहरी असते आणि दुसऱ्याच्या टोकाला गुलाबी. चार भिंतींवर गेल्यावर हीच झाक पुढे येते, कारण भिंती एकमेकींवर आपला रंग टाकतात. म्हणून कार्डावर जो मनात भरला त्याच्या एक पायरी फिका घ्या. काही कंपन्या रंगाच्या कोडबरोबर एलआरव्ही नावाचा आकडा देतात. तो रंग किती उजेड परत फेकतो हे तो सांगतो. शून्य म्हणजे काळा, शंभर म्हणजे पूर्ण पांढरा. खोलीत उजेड कमी असेल तर ६० च्या वरचा रंग घ्यावा.

मग तीन छटा निवडून लहान सॅम्पल डबे घ्या. सॅम्पल मिळत नसेल तर तुमच्या दुकानात बनवून मिळणारा सगळ्यात लहान डबा चालेल. हा खर्च वाचवू नका. सॅम्पल थेट जुन्या भिंतीवर लावलं तर जुना रंग शेजारी राहून डोळ्यांना फसवतो. त्याऐवजी मोठ्या पांढऱ्या कार्डशीटवर रंगाचे दोन हात, म्हणजे दोन थर, द्या आणि कडेनं दोन बोटं पांढरी किनार सोडा. पूर्ण वाळू द्या, कारण इमल्शन, म्हणजे भिंतीला देतात तो पाण्याच्या बेसचा रंग, ओलं असताना फिकं दिसतं आणि वाळल्यावर साधारण एक पायरी गडद होतं. वाळलेली शीट खिडकीसमोरच्या भिंतीवर, मग खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर, मग कोपऱ्यात, मग फरशीला टेकवून बघा.

आईच्या खोलीत तीन शीट चार दिवस होत्या. सकाळी तिघीही छान दिसायच्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमाराला ऊन खिडकीतून तिरकं आत आलं आणि सगळ्यात पिवळी शीट भडक हळदी झाली, अगदी आमटीसारखी. दुसरी, जी दुकानात जरा मातकट वाटली होती, ती त्या उन्हात नेमकी साडीच्या अंगाच्या रंगाची झाली. आईनं साडीचा पदर तिच्याशेजारी धरला आणि म्हणाली, “हीच. बाकीच्या उचल.” त्यानंतर दिवा लावून पुन्हा बघितलं, तरी तीच टिकली.

एकाच भिंतीला गडद रंग द्यायची इच्छा असेल तर खिडकीची भिंत टाळा. तिच्यामागून उजेड येतो, त्यामुळे ती आधीच काळोखी दिसते. गडद रंग खिडकीसमोरच्या किंवा पलंगाच्या डोक्याकडच्या, खाचाखळगे नसलेल्या भिंतीला द्यावा.

भिंतीवर आधी काय आहे

रंग उडतो तो बहुधा खालच्या थरामुळे. म्हणून तुमच्या भिंतीवर आधी काय आहे ते ओळखा. जुन्या घरांत हे थर म्हणजे घराचा इतिहासच असतो. तळाला नीळ घातलेला चुना, त्यावर डिस्टेंपर (पाण्यात कालवायचा जुना, स्वस्त रंग), त्यावर ऑइलपेंटचा कमरेएवढा पट्टा. आई लहानपणी गिरगावात राहायची आणि अजूनही रंगाच्या डब्याला ‘गट्टूचा डबा’ म्हणते. गट्टू म्हणजे एशियन पेंट्स या रंगांच्या कंपनीच्या जाहिरातींतला, हातात ब्रश घेतलेला खट्याळ मुलगा. तो व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये काढला आणि ती कंपनी १९४२ मध्ये गिरगावातच सुरू झाली.

ओळखायचं कसं? कोरडा तळवा भिंतीवर घासा. पांढरी भुकटी लागली तर चुना किंवा साधा डिस्टेंपर आहे. ओल्या फडक्यानं पुसा. फडक्याला रंग लागला तरी डिस्टेंपरच. पाण्याचे थेंब टिकून राहिले आणि भिंत चकाकते आहे, तर ऑइलपेंट. भुकटी होणारा थर पूर्ण खरवडून, ओल्या स्पंजनं पुसून काढावाच लागतो, कारण त्यावर बसलेला नवा रंग त्या भुकटीसकट खाली येतो.

जुना रंग घट्ट आहे का हे पाहायला कटरनं बारीक फुल्या-फुल्यांची जाळी कापा, त्यावर चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. पट्टीवर रंगाचे तुकडे आले तर तो भाग खरवडायचा.

सगळ्यात महत्त्वाची तपासणी ओलीची. एक फूट बाय एक फूट प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून भिंतीला घट्ट चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. आतल्या बाजूला दव साचलं तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला आलं तर खोलीतली हवा दमट आहे. भिंतीतून येणारी ओल कुठलाही महागडा रंग थांबवत नाही. पलीकडे बाथरूम आहे का, वर गच्ची आहे का, बाहेरच्या गिलाव्याला चीर आहे का, हे शोधून ते आधी दुरुस्त करा. आमच्याकडे खिडकीच्या बाहेरच्या छज्जाला भिंतीलगत बारीक चीर होती. सोसायटीकडून ती भरून घेतली, मग तीन आठवडे थांबलो, प्लास्टिकची चाचणी पुन्हा केली आणि तुकडा कोरडा निघाल्यावरच काम सुरू केलं.

भिंतीवर पांढरी भुकटी फुलून आली असेल तर तो लोणा, म्हणजे गिलाव्यातलं मीठ पाण्याबरोबर बाहेर येऊन साचलेलं. तो कोरड्या ब्रशनं झाडून काढा. पाण्यानं धुतलं तर मीठ विरघळून पुन्हा आत जातं. काळे-हिरवे ठिपके बुरशीचे असतात. त्यांवर बुरशीनाशक द्रावण किंवा पाण्यात मिसळलेलं ब्लीच लावून, वेळ देऊन, धुऊन, पूर्ण वाळवा. ब्लीचमध्ये संडास धुण्याचं आम्ल किंवा दुसरं काहीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. खिडक्या उघड्या ठेवा, हातमोजे घाला.

आता हंगाम. मुंबई, ठाणे, कोकण, गोवा या पट्ट्यात जून ते सप्टेंबर भिंती कोरड्या होतच नाहीत. गणपतीआधी रंग द्यायची हौस मला कळते, पण आतल्या खोल्यांनाही तो काळ वाईट. पाऊस थांबल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात भिंतींना दोन-तीन आठवडे द्या आणि दिवाळीआधी काम उरका, किंवा सरळ जानेवारी ते मे या काळात करा. नवा गिलावा असेल तर किमान महिनाभर थांबा.

किती सामान आणायचं

हिशोब सोपा आहे. आमच्या खोलीच्या चार भिंतींची एकूण लांबी ४४ फूट, उंची १०, म्हणजे ४४० चौरस फूट. दार आणि खिडकी मिळून ४० वजा केले की ४०० उरतात. बऱ्या दर्जाचं इमल्शन गुळगुळीत भिंतीवर दोन हातांत लिटरला साधारण १०० ते १४० चौरस फूट भागवतं. १२० धरले तर सव्वातीन लिटरच्या किंचित वर झाले, म्हणून ४ लिटरचा डबा. छताचे १२० चौरस फूट, त्याला १ लिटर पांढरं इमल्शन जेमतेम पुरतं. प्रत्येक डब्यावर त्या मालाचा स्वतःचा आकडा असतो, अंतिम हिशोब त्यावरून करा.

एकापेक्षा जास्त डबे लागणार असतील तर एकाच वेळी, एकाच बॅचचे घ्या आणि सगळे एका मोठ्या बादलीत एकत्र करून वापरा. मशीनवर बनवलेल्या दोन डब्यांत डोळ्याला दिसेल इतका फरक पडू शकतो, आणि तो नेमका भिंतीच्या मधोमध दिसतो.

चकाकी किती हवी हेही ठरवा. मॅट रंग भिंतीचे उंचवटे झाकतो, पण त्यावरचे डाग पुसणं कठीण. चकाकी असलेला रंग पुसता येतो, पण भिंतीवरची प्रत्येक लाट दाखवतो. झोपायच्या खोलीला मॅट किंवा अगदी हलकी चकाकी, स्वयंपाकघरात फोडणीचं तेल उडतं त्या भागाला धुता येईल असा चकाकीचा रंग. देवघराच्या कोनाड्यालाही तोच द्या, समईची काजळी पुसता येते. ज्यांना वासाचा त्रास होतो किंवा घरात दमेकरी, लहान मूल, म्हातारं माणूस आहे त्यांनी कमी व्हीओसीचं, म्हणजे हवेत उडणारी रसायनं कमी असलेलं, इमल्शन मागून घ्यावं. आईसाठी मी तेच घेतलं आणि काम संपेपर्यंत तिला बहिणीकडे ठेवलं.

भडक पिवळा, लाल, केशरी या रंगांची झाकण्याची ताकद कमी असते. दोन हातांत भागेल या भरवशावर राहू नका, तिसऱ्याची तयारी ठेवा.

खरवडणं, भरणं, घासणं

खोली शक्यतो रिकामी करा. जे हलत नाही ते मधोमध आणून प्लास्टिकनं झाका. पंख्याची पाती पुसा, नाहीतर तिथली धूळ ओल्या रंगावर येऊन बसते. फरशीवर नुसतं प्लास्टिक घालू नका, त्यावर पाय घसरतो. जुन्या चादरी किंवा जाड पुठ्ठा घाला. स्विचबोर्डाच्या पट्ट्या काढायच्या असतील तर मेन स्विच बंद करूनच, आणि हात बसला नसेल तर त्या न काढता मास्किंग टेपनं झाका.

जुन्या घरातल्या दारांवरचा आणि पट्ट्यावरचा ऑइलपेंट कोरडा घासू नका. त्यात शिसं असण्याची शक्यता असते. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर दशलक्ष भागांत ९० भाग अशी मर्यादा घालणारे नियम २०१६ मध्ये आले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले, म्हणजे त्याआधीच्या रंगाबद्दल खात्री देता येत नाही. पाणी मारून, ओल्या पॉलिश पेपरनं घासा, एन-९५ मास्क लावा, निघालेला चिखल कागदात गुंडाळून टाका आणि त्या दिवशी लहान मुलांना आणि गरोदर बाईला त्या खोलीत येऊ देऊ नका.

ऑइलपेंटच्या पट्ट्याबद्दल जरा सविस्तर, कारण घरी रंगवणाऱ्यांचं काम इथेच फसतं. चकचकीत ऑइलपेंटवर पाण्याचा रंग पकड घेत नाही आणि पांढऱ्या सिमेंटची पुट्टीही (भिंत सपाट करायचा लेप) धरत नाही. ती उघड्या सिमेंटच्या गिलाव्यासाठीच असते. पट्टा सुटत असेल तर पूर्ण काढा. घट्ट असेल तर आधी साबणाच्या पाण्यानं तेलकटपणा धुवा, मग १०० किंवा १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं सगळी चमक मारून टाका. बोट फिरवल्यावर खडबडीत लागलं पाहिजे. मग ऑइल बेसचा प्रायमर, म्हणजे पुढच्या थराला पकड देणारा पहिला हात, तो वाळल्यावर अॅक्रिलिक पुट्टी, आणि मग पुढचं काम. आमच्या खोलीत हा पट्टा साडेचार फुटांचा होता आणि एकट्या त्यानं दीड दिवस खाल्ला.

भिंतीतल्या बारीक चिरा नुसत्या वरून लिंपू नका. स्क्रॅपरच्या कोपऱ्यानं चीर थोडी रुंद करा, आतली माती झाडा, पाण्याचा हात फिरवा आणि क्रॅक फिलर आतपर्यंत दाबून भरा. वाळल्यावर तो थोडा बसतो, म्हणून दुसऱ्यांदा भरावा लागतो. खिळ्यांची भोकंही अशीच.

मग पुट्टी, जिला आपले जुने रंगारी लांबी म्हणतात. गिलावा उघडा असेल तर पांढऱ्या सिमेंटची पुट्टी घ्या, भिंत आधी पाण्यानं ओलसर करा. एक किलो पावडरीला साधारण ३५० ते ४०० मिलिलिटर पाणी लागतं. पाण्यात पावडर हळूहळू घाला, गुठळ्या राहू देऊ नका, दहा मिनिटं मुरू द्या आणि पुन्हा ढवळा. चक्क्यासारखी मऊ पण पट्टीवरून न ओघळणारी झाली पाहिजे. दोन-तीन तासांत ती घट्ट होऊ लागते, म्हणून थोडी-थोडी कालवा आणि घट्ट झालेल्या पुट्टीत पुन्हा पाणी घालून वापरू नका. पट्टी खालून वर ओढायची, थर शक्य तितका पातळ. दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा चांगले, जाड थराला तडे जातात. जुन्या घट्ट रंगावर काम करत असाल तर आधी प्रायमर आणि मग अॅक्रिलिक पुट्टी.

पांढऱ्या सिमेंटची पुट्टी दुसऱ्याच दिवशी घासा, जास्त दिवस गेले तर ती दगडासारखी होते. १८० नंबरचा पॉलिश पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून गोल-गोल फिरवा. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांच्या खुणांचे नाले पडतात. घासून झालं की रात्री खोलीतला दिवा घालवा आणि बॅटरी भिंतीला जवळजवळ चिकटवून तिरका उजेड सोडा. दिवसा सपाट वाटलेल्या भिंतीवर तेव्हा टेकड्या-दऱ्या दिसू लागतात. पेन्सिलनं त्यांना गोल करा आणि सकाळी तेवढ्याच दुरुस्त करा. मला पलंगामागच्या भिंतीवर एकोणीस गोल सापडले.

सगळी धूळ आधी कोरड्या ब्रशनं, मग पिळलेल्या ओल्या फडक्यानं पुसा. पुट्टीची भुकटी राहिली तर प्रायमर तिलाच चिकटतो, भिंतीला नाही. मग प्रायमरचा एक हात, पाण्याचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं तेवढंच. प्रायमर वगळून ‘रंगाचाच एक हात जास्त देऊ’ असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. पुट्टी रंगातलं पाणी शोषून घेते आणि भिंतीवर ठिगळं दिसतात. प्रायमर वाळल्यावर ज्या बारीक खाचा पुढे येतात त्या भरा, ३२० नंबरनं हलका हात फिरवा आणि भरलेल्या जागांवर पुन्हा प्रायमर लावा.

रंगाचे हात

क्रम वरून खाली. आधी छत, मग भिंती, शेवटी दार-खिडक्या. डबा उघडल्यावर तळापासून सपाट काठीनं पाच मिनिटं ढवळा. जुना डबा असेल तर रंग मलमलच्या फडक्यातून गाळून घ्या. पाणी मोजून घाला आणि दुसऱ्या हातालाही मापानंच. अंदाजानं पाणी घातलं की एका भिंतीवर रंग दाट आणि दुसरीवर पातळ बसतो.

नव्या रोलरमधून सुरुवातीला तंतू सुटतात. त्यावर मास्किंग टेप गुंडाळून सोलून काढा, मग धुऊन, झटकून वापरा. पंखा बंद ठेवा, खिडक्या उघड्या. पंख्याखाली रंग कडेनं लवकर वाळतो आणि जोड दिसतात.

एका वेळी एकच भिंत घ्या. दोन इंची ब्रशनं छताची कड, कोपरे आणि स्विचबोर्डाभोवती साधारण तीन इंचांची किनार कापून घ्या. रंगारी याला कटिंग म्हणतात. चारही भिंतींचं कटिंग एकदम करून ठेवू नका. किनार ओली असतानाच रोलर तिच्यात मिसळला पाहिजे, नाहीतर वाळल्यावर फोटोच्या चौकटीसारखी पट्टी दिसते. रोलर ट्रेच्या उतारावर फिरवून जादा रंग काढा. एका कोपऱ्यातून सुरुवात करून तीन फूट रुंदीचा पट्टा घ्या, आधी तिरके हात मारून रंग पसरवा, मग जोर न देता वरून खाली सरळ हात ओढा. शेवटचा हात प्रत्येक पट्ट्यात एकाच दिशेनं. पुढचा पट्टा आधीच्या ओल्या कडेवर थोडा चढवा. भिंत सुरू केली की संपवूनच खाली उतरा, जेवायला किंवा फोनला मध्येच थांबू नका. अर्धवट वाळलेल्या जागी ‘जरा सारखं करते’ म्हणून रोलर फिरवला तर तिथला रंग उचलून येतो. तशी जागा दुसऱ्या हातापर्यंत तशीच सोडा.

पहिला हात वाळल्यावर डागाळलेला दिसतो आणि हटकून वाटतं की रंग चुकला. मला त्या दुपारी तसंच वाटलं होतं, खिडकीजवळ फिका आणि कोपऱ्यात मातकट. चार ते सहा तास थांबा, हवा दमट असेल तर रात्रभर. ३२० नंबरचा पेपर अलगद फिरवून, पुसून दुसरा हात द्या. झाकलं गेलं नसेल तर दिवसाच्या उजेडात ठरवून तिसरा.

टेप रंग पूर्ण कडक होण्याआधी, हळूहळू, स्वतःवर दुमडत तिरकी काढा. रंग तिच्याबरोबर सुटून येतोय असं दिसलं तर कडेनं कटर फिरवून मग ओढा. उंचीचं काम करताना अॅल्युमिनियमचा घोडा वापरा, खुर्चीवर स्टूल ठेवू नका, आणि खाली कोणीतरी धरायला असू द्या.

दारांना जुना ऑइलपेंट असेल तर ओलं घासून, प्रायमर, आणि पाण्याच्या बेसचं इनॅमल. त्याला वास कमी येतो आणि पांढरं इनॅमल लवकर पिवळं पडत नाही.

काम झाल्यावर

हाताला कोरडा लागला तरी रंग पूर्ण पक्का व्हायला तीन-चार आठवडे जातात. तोवर भिंत पुसू नका, खिळे ठोकायची घाई करू नका आणि फर्निचर चार बोटं लांब ठेवा. पश्चिमेच्या किंवा बाथरूमलगतच्या भिंतीपासून तर कपाट कायमचंच थोडं पुढे असू द्या. मागून हवा खेळली नाही की पावसाळ्यात तिथेच बुरशी धरते.

ब्रश-रोलर आधी वर्तमानपत्रावर पुसून मग पाण्यात धुवा. उरलेला रंग मोरीत किंवा नाल्यात ओतू नका. थोडाच असेल तर पुठ्ठ्यावर पसरून वाळवा आणि सुक्या कचऱ्यात द्या. बरा उरला असेल तर घट्ट झाकणाच्या लहान बरणीत काठोकाठ भरा, मोठ्या अर्ध्या रिकाम्या डब्यात त्यावर साय धरते.

आमच्याकडे पाऊण लिटर उरला. बरणीवर खोली, भिंत आणि तारीख लिहिली. रंगाचा कोड, ज्यात छटा मिसळतात त्या मूळ रंगाचं म्हणजे बेसचं नाव आणि किती पाणी घातलं होतं ते एका कागदावर लिहून आईच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. नारायणपेठी साडी लटकते त्याच्या अगदी शेजारी.